झोपलेल्या गल्लीची फेरपाहणी

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक नऊ मंजूर झाला. पुलाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा आणि त्याच्या आड येणारी बेकरीमागची घरांची रांग पाडायची, असा तो विषय होता. चर्चा झाली नाही. हात वर झाले, खाली आले, आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे बागेतल्या बंद पडलेल्या कारंज्याकडे वळली. कारंज्यावर बरंच बोलणं झालं.

त्या वेळी बेकरीमागची गल्ली गाढ झोपेत होती.

गल्लीतली माणसं रात्री कामाला जात आणि उजाडल्यावर घरी येत. निम्मी घरं बेकरीतल्या कामगारांची होती. उरलेल्या घरांत रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या आया राहत, पहारेकरी राहत, आणि नगरपालिकेचाच एक ड्रायव्हर राहत होता. तो रात्री टँकरने रस्ते धुवायचा, म्हणून गल्ली त्याला टँकर म्हणायची. बेकरीच्या जुन्या मालकाने कामगारांसाठी ही रांग बांधली होती. घरं एका उंचीची, दोन-दोन खोल्यांची, आणि वीज-पाणी सगळं अजून बेकरीच्याच नावावर.

दिवसा झोपायचं तर त्याचे काही नियम लागतात, ते गल्लीने कधीच करून टाकले होते. दाराला घंटी लावायची नाही. कडी वाजू नये म्हणून तिला फडकं गुंडाळायचं. खिडक्यांना आतून जाड काळा कपडा. पोरांनी शाळेतून येताना कोपऱ्यावरच बूट काढून हातात घ्यायचे. भांडायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर. नवी सून घरात आली की तिला गॅस कसा पेटवायचा हे दाखवण्याआधी भांडं कसं ठेवायचं हे दाखवलं जाई.

आणि गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून गपआबा बसलेले असत. उभा जन्म भट्टीपुढे गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांची दिवसाची झोप उडाली, ती उडालीच. बसून तरी काय करायचं, म्हणून त्यांनी इतरांची झोप राखायला घेतली. कुणी चादरी विकायला आला, कुणी देणगी मागायला आला, कुणी पत्ता चुकला, की आबा ओठांवर बोट ठेवून उठायचे आणि हलक्या आवाजात सांगायचे, “गप. इथं कुणी राहत नाही. पुढे जा बाबा.” माणूस काळ्या खिडक्यांकडे, फडकी बांधलेल्या कड्यांकडे बघायचा आणि पुढे जायचा. पोरांनी त्यांना नाव ठेवलं आणि मोठ्यांनी ते उचललं. आबांना त्याचा राग नव्हता. उलट थोडा रुबाबच होता.

आबांची सून भट्टीवर काम करायची. बाई भट्टीवर, याचं सुरुवातीला नवल झालं होतं. आता तिला सगळे भट्टीवालीच म्हणत. तिचा नवरा त्याच बेकरीत पीठ मळायच्या यंत्रावर होता. नणंद रुग्णालयात आया होती आणि भिंतीला भिंत लावून शेजारच्या घरात राहायची.

मंगळवारी दुपारी चारला भट्टीवाली उठली तेव्हा वॉर्डाचे नगरसेवक दारात उभे होते. काहीही सांगा, ते “हो हो” म्हणत, म्हणून त्यांचंही नाव होहो पडलं होतं. आज ते चप्पल हातात घेऊन आले होते. गल्लीचा नियम पाळणारा माणूस काहीतरी वाईट सांगायला आला असणार, हे तिला चेहऱ्यावरूनच कळलं.

“वहिनी, मंजूर झालं ते.”

“काय?”

“रस्त्याचं.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, रस्त्याचं आहे, घरांचं नाही.”

“हो हो. मला पण तसंच सांगितलं होतं. आता नकाशा बघितला तर रस्ता घरांवरूनच जातोय.”

आतून तिचा नवरा डोळे चोळत आला. “मग आम्हाला पुलापलीकडच्या नव्या इमारतीत घरं देणार ना? बाजार पाडला तेव्हा बाजारवाल्यांना दिली तशी?”

होहो चपलेकडे बघत राहिले. “तीच तर पंचाईत आहे. घरं रहिवाशांना मिळतात. तुमची रांग त्यांनी ‘वापरात नसलेली’ धरली आहे. कर्मचाऱ्यांनी येऊन पाहणी केली होती म्हणे.”

“वापरात नसलेली?” नवरा हसला. त्याला खरंच हसू आलं. “मग मी कुठे झोपलो होतो आत्तापर्यंत?”

“हो हो,” होहो म्हणाले. “उद्या सकाळी उपअभियंत्यांना भेटा. मी बोलून ठेवतो.”

ते बोलून ठेवणार नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाली कामावरून परस्पर नगरपालिकेत गेली. रुग्णालयातून नणंदही आली. दोघींच्या अंगात रात्र होती. एकीच्या केसांत पीठ होतं आणि दुसरीच्या हातांना जंतुनाशकाचा वास. उपअभियंत्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलावर पुलाची छोटी पांढरी प्रतिकृती ठेवलेली होती, आणि तिच्या पायथ्याशी, जिथे गल्ली असायला हवी होती, तिथे हिरव्या भुशाचं गवत चिकटवलेलं होतं.

साहेब उर्मट नव्हते. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

“आम्ही राहतो तिथे साहेब,” भट्टीवाली म्हणाली. “मतदार यादी बघा. शाळेत पोरांचा पत्ता बघा.”

“कागद चालत नाहीत, ताई. मागे बाजाराच्या वेळी लोकांनी एवढे खोटे कागद आणले की सभेनेच ठराव केला. आता प्रत्यक्ष पाहणी. घरात माणूस दिसला तर रहिवासी, नाही दिसला तर नाही.”

“माणूस आत झोपलेला होता. पाहणी केली कधी तुम्ही?”

“कार्यालयीन वेळेत. सकाळी अकराच्या सुमाराला. मी स्वतः होतो.”

“अकराला आमची मध्यरात्र असते!” नणंद म्हणाली. “तुमच्या घरी रात्री दोनला आलं आणि कुणी दार उघडलं नाही, तर तुमचं घर पाडायचं का?”

साहेबांना ते पटलेलं दिसलं. पटून काही उपयोग नसतो तेव्हा माणसं करतात तसं त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आम्ही आत्ता तुमच्यासमोर बसलोय,” भट्टीवाली म्हणाली. “आम्ही आहोत, हे दिसतंय ना तुम्हाला?”

“तुम्ही इथे आहात, हे मला इथे दिसतंय. तिथे आहात, हे मला तिथेच दिसलं पाहिजे.” त्यांनी नोंदीचा कागद पुढे ओढला. “आणि ताई, आम्ही नुसत्या बंद दारांवर गेलो नाही. दाराच्या कड्यांना फडकी बांधलेली, सगळ्या खिडक्या काळ्या. तरी आम्ही विचारलं. तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तुमच्यातलेच असावेत. त्यांनी स्वच्छ सांगितलं, इथं कुणी राहत नाही. ते नोंदीत आहे.”

खोलीत पंखा फिरत होता. भट्टीवालीने नणंदेकडे बघितलं नाही. नणंदेनेही तिच्याकडे बघितलं नाही.

“फेरपाहणीचा अर्ज करा,” साहेब म्हणाले. “एकदाच करता येते. पुढच्या आठवड्यात येऊ. वार सांगता येणार नाही. सांगितला की लोक भाड्याने माणसं आणून बसवतात.”

जिना उतरताना नणंद मधल्याच पायरीवर बसली.

“वहिनी, आबांना हे कळलं तर ते पाणीसुद्धा पिणार नाहीत.”

“कळेल कशाला?”

“दादाला?”

“त्यांना पण नाही. त्यांच्या पोटात काही राहतं का?”

“आणि गल्लीत?”

भट्टीवालीने तिचा हात धरून तिला उठवलं. “गल्लीत कुणाला हे कळता कामा नये, ताई. घर जाईल ते जाईल. त्यांच्या माथी नको.”

सोमवारपासून गल्ली जागी राहिली.

कड्यांची फडकी निघाली, काळे कपडे उतरले, दारं सताड उघडली. रात्रभर राबून आलेली माणसं उंबऱ्यावर खुर्च्या टाकून बसली. पहिल्या दिवशी मजा वाटली. कित्येकांनी एकमेकांना भर उन्हात कधी बघितलंच नव्हतं.

“अरे, तू एवढा काळा आहेस होय?” टँकर एका पहारेकऱ्याला म्हणाला.

“आणि तुझे केस कुठे गेले?”

“रस्ते धुता धुता वाहून गेले. माझी गंमत ऐक ना. मी नगरपालिकेचा नोकर. नगरपालिका मला पगार देते आणि वर म्हणते, तू राहतच नाहीस. म्हणजे त्यांचा टँकर चालवतं कोण? भूत?”

“भूतच आहेस. आरशात बघ.”

आबांना मात्र काही उमगत नव्हतं. स्टूल घेऊन ते नेहमीसारखे निघाले तेव्हा सुनेने वाट अडवली.

“आबा, आज तिकडे नको. घरातच बसा.”

“का? आणि दारं का उघडी टाकलीत? झोपायचं नाही का कुणाला?”

“नगरपालिकेचे साहेब येणार आहेत बघायला. कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही सगळे इथं राहतो.”

“हे काय सांगायचं असतं?” आबा म्हणाले. “राहतोच की.”

ते खाटेवर बसले. बाहेर कुणी मोठ्याने हसलं की त्यांचं बोट आपोआप ओठांकडे जायचं आणि मग ते हात मांडीखाली घ्यायचे. दुपारी त्यांनी विचारलं, “माझं काही चुकलं का गं?” तिने पातेलं घासायला घेतलं. त्या आवाजात उत्तर द्यायची गरज उरली नाही.

सोमवारी साहेब आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत. कार्यालय बंद झालं की माणसं तासाभरासाठी आडवी व्हायची आणि परत कामाला निघायची. बुधवारी हसणं संपलं. टँकरने एका कोपऱ्यावर दुभाजकाला गाडी घासली. रुग्णालयात एका आयेने एका खाटेचं औषध दुसऱ्या खाटेशी ठेवलं. नर्सच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. लहानसहान गोष्टींवरून खटके उडू लागले, आणि तेही दिवसाढवळ्या, संध्याकाळी सहाची वाट न बघता. “पाळ्या लावून झोपू या,” असं कुणीतरी म्हणालं. त्यावर दुसऱ्याने विचारलं, “आणि झोपलेल्याच घरात साहेब शिरले तर?” मग कुणीच झोपलं नाही.

बेकरीत भट्टीवालीने त्या रात्री नवऱ्याला दोनदा टोकलं.

“अहो, डोळे मिटताय तुम्ही.”

“उघडेच आहेत. मिटलेत असं तुला वाटतंय. तुझेच मिटले असतील.”

दिवसरात्र जागायचं असतं तेव्हा माणूस विनोदावर तगतो. तिलाही त्या क्षणी हसू आलं होतं, हे तिला पुढे विसरता आलं नाही.

गुरुवारी पहाटे त्याने यंत्राच्या कडेला चिकटलेलं पीठ खरवडायला हात घातला. हे तो रोज करायचा. आधी यंत्र बंद करायचं, मग हात घालायचा. त्या दिवशी त्याने यंत्र बंद केलं नव्हतं. केलंय असं त्याला वाटलं होतं. तो ओरडलासुद्धा नाही. भट्टीच्या धगीत उभ्या असलेल्या तिला फक्त यंत्राचा आवाज बदललेला कळला.

रुग्णालयात नणंदेची पाळी संपत आली होती. भावाला आत नेताना तिने त्याचा दुसरा हात धरला आणि दार बंद झाल्यावर ती बाहेर आली.

“दहाला शस्त्रक्रिया आहे. दोन बोटं जाणारच. तिसऱ्याचं बघू म्हणतात.”

भट्टीवाली बाकावर बसली होती. तिच्या अंगावरचं पीठ काही ठिकाणी लाल होऊन वाळलं होतं.

“तू घरी जा,” नणंद म्हणाली.

“वेडी आहेस का?”

“शस्त्रक्रिया तू करणार नाहीस आणि मीही करणार नाही. इथं मी आहे. माझा सख्खा भाऊ आहे तो. माझं घर बंद राहिलं तर राहू दे, मी एकटी आहे, कुठेही पडेन. तुमचं घर उघडं पाहिजे. आज गुरुवार झाला. आता दोनच दिवस उरलेत.”

“शुद्धीवर आले आणि मी दिसले नाही तर?”

“मी सांगेन त्याला. वहिनी, आबा एकटे आहेत घरी.”

भट्टीवाली उठली. फाटकाबाहेर आल्यावर ती एकदा थांबली, परत वळली, आणि पुन्हा घराच्या दिशेने चालू लागली. वाटेत ती फक्त एवढंच ठरवत होती की आबांना मुलाच्या हाताचं आत्ता सांगायचं नाही.

ती गल्लीत शिरली तेव्हा साहेब आलेले होते.

सोबत एक कर्मचारी होता, हातात फळी आणि कागद घेतलेला. तीन घरं बघून झाली होती. लोक दारांत उभे होते, लाल डोळ्यांचे, सुजलेल्या चेहऱ्यांचे, आणि तरी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक खुळा आनंद होता. टँकर आपली खाट, आपला दाढीचा ब्रश, आपल्या बायकोचा भरलेला डबा, सगळं एकेक दाखवत होता. “हा बघा साहेब, हा माझा टॉवेल. ओला आहे. हात लावून बघा. रिकाम्या घरात ओला टॉवेल असतो का?”

साहेबांनी खरंच टॉवेलला हात लावला. कर्मचाऱ्याने लिहून घेतलं.

भट्टीवालीला वाटलं, होतंय. चार दिवसांत पहिल्यांदा तिला तसं वाटलं.

पुढचं घर तिचं होतं. ती धावतच उंबऱ्यापाशी पोहोचली आणि साहेबही तिथे पोहोचले. आबा खाटेवरून उठून उभे राहिले होते. धुतलेला सदरा घातलेला, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली.

“आम्ही सगळे इथं राहतो,” साहेबांनी काही विचारायच्या आतच आबा म्हणाले. शिकवलेलं ते चोख म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कर्मचाऱ्याकडे बघितलं. कर्मचाऱ्याने मान हलवली.

“बाबा, मागच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी तुम्हीच भेटला होतात ना?”

आबांनी डोळे बारीक केले.

“आम्ही विचारलं होतं, इथं कोण राहतं. तुम्ही म्हणालात, कुणी राहत नाही.”

गल्लीत एकदम शांतता पसरली. अशी शांतता त्या गल्लीला रोज दुपारी असायची. आज मात्र सगळे जागे असून होती.

“साहेब, ते म्हातारे आहेत,” भट्टीवाली म्हणाली. “त्यांना नीट आठवत नाही.”

“तुम्ही जरा थांबा ताई. बाबा, तुम्ही असं म्हणाला होतात का?”

साहेबांच्या पाठीमागे टँकर उभा होता. तो आबांकडे बघून जोरजोराने मान हलवत होता, नाही, नाही म्हणा. पहारेकऱ्याची बायको हातानेच खुणावत होती. आबांनी त्या दोघांना बघितलं. सुनेला बघितलं. तिच्या अंगावरचं वाळलेलं रक्तही त्यांनी बघितलं. ते कुणाचं, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मग आधी साहेबांच्या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं असावं. साहेबांना थांबवून ठेवणाऱ्यांतले ते नव्हते.

“हो,” आबा म्हणाले. “म्हणालो होतो. रोजच म्हणतो.”

“रोज?”

“जो येईल त्याला. हे सगळे झोपलेले असतात ना. उठवतात लोक. म्हणून मी सांगतो, कुणी राहत नाही. तुम्ही साहेब आहात हे मला काय ठाऊक? मला वाटलं, काही विकायला आलात.”

कर्मचारी लिहीत होता. भट्टीवाली पुढे झाली. “ते पुढचं पण लिहा ना. का म्हणाले ते पण लिहा.”

“प्रश्नाचं उत्तर आलं, ते लिहिलं,” कर्मचारी म्हणाला.

“साहेब, तुम्हाला कळलं ना पण? तुम्ही ऐकलंत ना?”

“मला कळलं, ताई.” साहेबांनी पुन्हा चष्मा काढला. “पण एकाच ठिकाणच्या एकाच माणसाने आधी नाही म्हटलं आणि आता हो म्हटलं. अशा वेळी मला पुढे निर्णय देता येत नाही. जबाबात विसंगती असली की सगळी रांग विधी विभागाकडे जाते. एकटं तुमचं घर नाही, सगळी रांग.”

उरलेली घरं त्यांनी बघितली. टॉवेलला मात्र कुठे हात लावला नाही.

ते गेले. मग टँकर आबांच्या दाराशी आला. तो रागावलेला नव्हता. त्याच्या आवाजात तेवढं त्राणच राहिलं नव्हतं.

“आबा, नुसतं एक ‘नाही’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“रोज म्हणत होतो की,” आबा म्हणाले. “तुमच्यासाठीच.”

टँकर घरी गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मग एकेक करून सगळी दारं लागली. भट्टीवाली आबांसमोर जमिनीवर बसली. त्यांनी तिच्या पदराकडे बोट केलं.

“कुणाचं आहे?”

तिने सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “झोप नव्हती म्हणून?”

तिने पदर मुडपून डाग आत घेतला.

“आणि झोप नव्हती ती माझ्यामुळे.”

“नाही हो आबा.”

“तुला आधीपासून ठाऊक होतं.”

तिला खोटं बोलता आलं असतं. पण चार दिवस जागलेल्या माणसाला खोटं बोलायलाही ताकद लागते. ती तशीच बसली आणि बसल्या बसल्या, त्यांच्या पायांशी, तिला झोप लागली. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, रुग्णालयात नवरा शुद्धीवर येऊन कितीतरी वेळ झाला होता, आणि आबा घरात नव्हते.

ते नगरपालिकेच्या आवारात सापडले. कार्यालय बंद झालं होतं. ते पायऱ्यांवर बसले होते. “जबाब बदलून द्यायचा आहे,” असं त्यांनी शिपायाला सांगितलं होतं. शिपायाने उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, प्रकरण विधी विभागात गेलं. विधी विभाग तिसऱ्या मजल्यावर. तिथले अधिकारी रजेवर होते. तेव्हापासून आबा रोज सकाळी बटणं लावून जातात आणि कार्यालय बंद झाल्यावर घरी येतात. भट्टीवालीने एकदा त्यांना अडवायचा प्रयत्न केला.

“आबा, नका जाऊ. पाय सुजलेत तुमचे.”

“घरात बसून काय करू?” ते म्हणाले. “कुणाची झोप राखू?”

गल्ली पुन्हा दिवसा झोपू लागली आहे, म्हणजे पडून राहते. भट्टीवालीशी कुणी भांडलं नाही, हे तिला जास्त लागलं. पाण्याच्या नळावर बायका बाजूला होऊन तिला आधी भरू देतात. नवरा घरी आला. तिसरं बोटही गेलं. बेकरीने त्याला तूर्त येऊ नकोस म्हणून सांगितलं आहे. तो खाटेवर बसून पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बघत असतो. शुद्धीवर आला तेव्हा ती का नव्हती, हे त्याने एकदाही विचारलं नाही. त्याने विचारावं, असं तिला रोज वाटतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेला ती प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसली. फेरपाहणीचा अहवाल विधी विभागाच्या अभिप्रायासाठी राखून ठेवण्यात आला. अभिप्राय येईपर्यंत मूळ ठरावाला स्थगिती द्यावी, अशी सूचना कुणीतरी मांडायला हवी होती. तिने वरून होहोंकडे बघितलं. होहोंनी वर बघून मान हलवली, हो हो. सूचना मांडली गेली नाही. सभा संपल्यावर जिन्यात ते म्हणाले, “आज वातावरण नव्हतं, वहिनी. पुढच्या सभेला लावून धरतो.”

शुक्रवारी सकाळी सात वाजता, गल्ली कामावरून परतत असताना, पुलाकडच्या टोकाला पाडकामाचं पहिलं यंत्र येऊन उभं राहिलं. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने सांगितलं की त्याला फक्त यंत्र आणून ठेवायला सांगितलं आहे, पुढचं त्याला माहीत नाही. टँकरने त्याला विचारलं, काम कधी सुरू होणार. तो म्हणाला, आदेश आला की.

आबा त्याआधीच नगरपालिकेत गेले होते. विधी विभागाचे अधिकारी रजेवरून परत आल्याचं दुपारी कळलं. त्यांचा अभिप्राय कार्यालय बंद होईपर्यंत आलेला नव्हता.